मावशीचे कोरे चहा

माझी जीभ मला शेजारच्या मावशीनं परत मिळवून दिली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर बोलण्याच्या भरात राहून जायचं. ती कपावर तळहात झाकायची, डोळे मिटायची, मग हात काढून वाफ नाकाशी घ्यायची आणि कप माझ्यापुढं सरकवून म्हणायची, “हा काय म्हनते, आइक.”

कपात चहा कोरा. ना दूध, ना साखर. पहिल्या दिवशी मी तोंड वाकडं केलं तर म्हणाली, “पोरगी पाहाले गेला तं आधी तोंड पाह्यशीन का नथ? दूध-साखर मंग.”

तिचा लेक कलकत्त्याला चहाच्या वखारीत हमाल होता. नमुन्यांची उरलेली पत्ती चिंध्यांत बांधून तो गावाकडं येणाऱ्या कुणाच्याही हाती पाठवायचा. कुठल्या पुरचुंडीत काय, हे कळवायची सोय नव्हती. मायलेकांना दोघांनाही लिहिता येत नव्हतं. मुर्तिजापूरच्या पलीकडं कधी न गेलेली ही बाई घोट तोंडात घोळवून सांगायची, “हा थंड्या डोंगरावरचा हाय. हा सपाटीवरचा, दांडगा. आन हा बिचारा वाटंत भिजला.” लेक दिवाळीला आला की ऐकून कपाळाला हात लावायचा. सगळं बरोबर असायचं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील; मी ती एकच पाहिली.

मी तेव्हा कारंजा गावी, कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या खाणावळीत आचारी होतो. घर लांब कोकणात, शाळा चौथीतच सुटलेली. हाताला चव होती म्हणून पोट चालत होतं. त्यात हिवतापानं मला धरलं. ताप उतरला, पण तोंडाची चव घेऊन गेला. मीठ, गूळ, चिंच, सगळी माती.

जेवणारे ऐकवायचे, “महाराज, कोकनातला समुद्र वरनात ओतला का?” मी हसायचो आणि आत जाऊन वरण पुन्हा पुन्हा चाखायचो. अखेर मुकादमानं बजावलं, “पोयापर्यंत पाह्यतो. नाही जमलं तं दुसरा आचारी आनतो.”

मावशीला सांगितलं. “काहून भेतं रे?” ती म्हणाली. “जीभ रुसली हाय. तिले रोज बलवा लागते.”

रोज दुपारी तिच्या ओसरीवर कानतुटक्या कपांची ओळ लागायची. पाणी गोड्या विहिरीचं. खारट विहिरीचं तिला चालत नसे. “अर्धा चहा पान्यातच असते” म्हणायची. मी घोट घ्यायचो आणि म्हणायचो, “माती.” ती म्हणायची, “मातीच सही. कोन्या वावराची, ते सांग.”

पोळा अगदी तोंडावर आला असताना एका घोटाशी मी थबकलो. ओल्या पेंढ्याचा वास होता. कोकणातल्या आमच्या गोठ्याच्या माळ्यावर असायचा, तोच. मावशीला ते सांगताना माझे डोळे भरून आले.

“जाऊन आली ना जीभ घरी?” मावशी म्हणाली. पण तेवढ्यावर सोडलं नाही. मला भिंतीकडं तोंड करायला लावून कपांच्या जागा बदलल्या. मी एकेक चाखत गेलो. दोन कपांपाशी अडलो, पुन्हा चाखले. भीत भीत म्हणालो, “मावशी, हे दोन्ही एकच चहा. पाणी मात्र वेगळं. हे खारट विहिरीचं.”

तिनं कप उचलून स्वतः घोट घेतला आणि मुद्दाम खारट पाण्यात केलेला तो चहा अंगणात ओतून दिला. मग म्हणाली, “जाय, वरन टाक.”

पोळ्याच्या दिवशी पंगतीत कुणी समुद्राचं नाव काढलं नाही. पुन्हा वरण मागितलं, तेवढंच.

पुढं लेक तिला कलकत्त्याला घेऊन गेला. आता तिच्या ओसरीवर दुसऱ्यांचं बिऱ्हाड आहे. मी अजून त्याच चुलीशी आहे, आणि वरण उतरवताना दर वेळी भीती वाटतेच. मग झाकणावर तळहात ठेवतो.

एकदा कोकणात घरी जाईन. परसातल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून तसाच कलकत्त्याला जाईन, मावशीच्या चुलीवर चहा करीन. कोरा. कप झाकून तिच्यापुढं सरकवीन आणि कुठलं पाणी ते सांगणार नाही. म्हणेन, “हा काय म्हनते, आइक.”