भर दुपारची समई

प्रभाकरपंतांना मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. ते ठाण्याच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. मी आत बसून कागदांच्या नकला करीत असे. त्यांचे घर नौपाड्यात होते, पण त्याचा उंबरठा मी कधी ओलांडला नाही. त्यांना मुले किती, हेही मला नक्की ठाऊक नाही. तरी त्यांच्यावर कोणीच काही लिहिले नाही, म्हणून बसलो आहे. मला लिहायची सवय नाही. दुसऱ्याचे उतरवून काढायची आहे.

मला त्यांचा हेवा वाटे. त्यांचे अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेल्यासारखे. माझ्या अक्षराला खुद्द साहेब नावाजत. पण लोक जमत ते त्यांच्याभोवती. मी दुपारी पाणी प्यायला बाहेर आलो की ते हाक मारीत, "काय नक्कलकार, आज कोणाचं नशीब उतरवलंत?" सगळे हसत. मीही हसे, आणि आत जाऊन दोन ओळी चुकत असे.

प्लेगाच्या दहा वर्षे आधीची गोष्ट. कल्याणच्या एका भाताच्या व्यापाऱ्याने नादारीचा अर्ज केला. धंदा बुडाला, हाती काही उरले नाही, तरी कोर्टाने देण्यातून मोकळे करावे, असे त्याचे म्हणणे. रिवाजाप्रमाणे मी नोटीस लिहिली आणि कोर्टाच्या भिंतीला चिकटवली. ज्याची हरकत असेल त्याने पंधरा दिवसांत यावे. ती ठाण्याची भिंत कल्याणचे कोण वाचणार? शिवाय त्याच व्यापाऱ्याने नुकतीच आपली वखार मेव्हण्याच्या नावे करून दिली होती. एका दुसऱ्या दाव्यात त्या खताची नक्कल माझ्याच हातून झाली होती. म्हणजे मला सगळे ठाऊक होते. मी हाताची खळ धुतली आणि घरी गेलो.

प्रभाकरपंतांनी ती नोटीस वाचली. दुसऱ्या दिवशी ते चिंचेखाली नव्हते.

पूर्वी ज्याचा धंदा बसे तो व्यापारी स्वतः भर दिवसा दुकानात दिवा लावी. तो पाहून ज्यांचे येणे असे ते गोळा होत. याने दिवा लावला नव्हता, नुसते कुलूप लावले होते. प्रभाकरपंत आपल्या पत्नीची, कमळाबाईंची, देवघरातली समई घेऊन कल्याणला गेले. त्या बंद दुकानाच्या पायरीवर भर दुपारी त्यांनी ती पेटवली आणि शेजारी बसून राहिले. कोणी काही विचारले नाही म्हणे. विचारायचे काय होते? संध्याकाळपर्यंत तीस-चाळीस माणसे जमली. त्यांत पोहे कांडणारी रंगूबाई होती. दोन वर्षे तिने त्याला पोहे घातले होते आणि पैसे लेकीच्या लग्नासाठी त्याच्याकडेच राहू दिले होते. अर्जासोबतच्या देण्यांच्या यादीत तिचे नावच नव्हते.

तारखेला सारे कोर्टात आले. वखारीची गोष्ट सहदेव नावाच्या हमालाने सांगितली. अर्ज फेटाळला गेला. बाहेर आल्यावर रंगूबाई त्यांना म्हणाली, "भाऊ, आता समईला तेल माझ्याकडून." मी खिडकीत उभा राहून ऐकत होतो. मला कोर्टात कोणी भाऊ म्हटले नव्हते.

त्याच वर्षी नादारीच्या नव्या कायद्याचा मसुदा मतासाठी आला. खोटे दिवाळे काढून सुटणाऱ्यांना आळा घालायचा होता. साहेबांनी कारकुनांची मते मागितली, आणि प्रभाकरपंतांचेही. मी चार पाने लिहिली आणि पेटीत ठेवून दिली. त्यांनी एक पान लिहिले आणि चांगल्या अक्षरात उतरवायला माझ्याकडेच आणून दिले. शेवटचे कलम असे होते: नोटीस कोर्टाच्या भिंतीवर न लावता अर्जदाराच्या स्वतःच्या दुकानाच्या दारावर लावावी आणि गावात दवंडी पिटावी. माझ्या तिसऱ्या पानावर हेच होते. मी ते त्यांच्या आधी लिहिले होते, हे खरे. पण समई लागल्यानंतर.

मी त्यांचे सारे उतरवले. ते कलम तेवढे गाळले.

ते आले, उभ्यानेच कागद वाचला. शेवटाशी थांबले, कागद उलटून मागची बाजू पाहिली. त्यांनी माझा टाक मागितला, माझ्या ओळींखाली आपल्या त्या अक्षरात ते कलम लिहिले आणि सही केली.

मसुद्याचे पुढे काय झाले, मला कळले नाही. भिंत तीच आहे. त्या दिवसानंतर मी पाणी आत मागवू लागलो, आणि पुढे प्लेगात ते गेले. म्हणजे टाक परत देताना झाले तेच आमचे शेवटचे बोलणे.

"शाई बरी आहे तुमची. घरी करता?"

"हो. हिरडा आणि हिराकस."

"भिजत किती दिवस ठेवता?"

"आठ."

"मी चारच ठेवतो," ते म्हणाले. "म्हणून फिकी पडते."