ओल्या तुकड्यांचं पातेलं

मृतांच्या दिवशी आमच्या गावच्या दफनभूमीत प्रत्येक कबरीवर मेणबत्त्या लागतात. दुसऱ्या दिवशी बायका उरलेले तुकडे गोळा करतात आणि ते वितळवून नाताळच्या मेणबत्त्या ओततात. नियम एकच: कबरीची माती देवळातल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, मेणबत्तीत जाता कामा नये. म्हणून तुकडे आधी धुतात. धुतात, पण पूर्वी वाळवत नसत. माझं भांडण तिथंच होतं.

गेल्या वर्षी देवळामागच्या खोलीत जाड लोखंडी पातेलं थेट गॅसवर चढवलं होतं. मोठ्या पातेल्यात पाणी ठेवा आणि त्यात मेणाचं भांडं बसवा, असं मी देवळाच्या पंचांना आधीच सांगितलं होतं. "बायका बघत्याल त्यांचं काम, तू युनियनवाली कशाला मधी?" हे मिळालेलं उत्तर. नाताळच्या मांडवाच्या लायटिंगवर मात्र त्यांच्या बैठकांवर बैठका चालल्या होत्या.

माझी मावशी झाऱ्यानं ढवळत होती. मेण पाण्यासारखं नितळ झालं होतं आणि तळातून तडतड ऐकू येत होती.

"मावशे, मागं सर. खाली पाणी हाय."

"आगं, नुसतं मेन हाय. दिसतंय का तुला पानी?"

दिसणार कसं? पाणी मेणापेक्षा जड, ते तळाला जाऊन बसतं. मेण थोड्या उष्णतेत वितळतं. पाण्याची वाफ व्हायला त्याहून बरीच जास्त लागते. म्हणून मेण आधी पातळ होतं आणि पाणी त्याच्याखाली कोंडून तापत राहतं. त्याची वाफ झाली की तिला शेकडो पट जागा लागते. वर कढत मेण, आणि त्याच्यावर वाकलेलं मावशीचं तोंड.

मी गॅस बंद केला.

"ए बये! निवलं की घट्ट व्हईल समदं. साचे कोन भरनार? जा, फॅक्टरीच्या गेटावर पत्रकं वाट तुझी!"

बाकीच्या बायका हसल्या. तेवढ्यात तडतड थांबली. मला त्याचीच जास्त भीती वाटली. गॅस बंद केला म्हणून जाड बुडातली धग लगेच जात नाही; तळाचं पाणी तापतच होतं, फक्त त्याची वाफ आता थोडी थोडी सुटत नव्हती. मावशी बघायला आणखी खाली वाकली. मी तिचा पदर धरून जोरात ओढला.

मेण छपरापर्यंत उडालं.

थोडं माझ्या मनगटावर पडलं आणि गोठलं. गोठताना त्यानं आपली धग माझ्या कातडीत सोडली. मावशीनं माझा हात नळाखाली धरला. तिच्या चेहऱ्याला काही झालं नव्हतं.

पंच धावत आले. "देवानं राखलं!"

मी तोंड उघडणार, तोच मावशी म्हणाली, "देवानं राखलं, व्हय. तुमी काय केलं? खाली पानी ठेवायला दुसरं मोठं पातेलं आना. तवर गॅस पेटायचा न्हाई."

"आता कुठनं आनू?"

"मांडववाल्याकडनं आना. त्यो तर तुमचाच मानूस हाय."

पातेलं दुपारी आलं. तुकडे तोवर अंगणात पोत्यावर, उन्हात पसरले होते आणि मावशी एकेक उचलून पदराला घासून बघत होती.