मिलियाचं पीठ आणि कड्यावरचा बर्फ

बैरूतच्या वरच्या डोंगरातल्या ऐन स्नोबर गावात उद्या बर्फ कसा असेल हे बघायला तिथली माणसं हवामानाच्या बातम्या लावत नसत. ती शुक्रवारी दुपारी मिलियाच्या टपरीत डोकावत आणि तिनं मैद्याची किती पोती फोडली ते बघून जात. एक पोतं म्हणजे पाऊस, धुकं आणि चार हट्टी माणसं. दोन म्हणजे बरा बर्फ. तीन पोती दिसली की हॉटेलवाला माळ्यावरच्या गाद्या काढायचा आणि उतारावर वर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्याच्या तिकीट खिडकीवरचा माणूस बायकोला सांगून टाकायचा, उद्या जेवायला वाट बघू नकोस.

बावीस वर्षं मिलिया स्कीच्या उताराच्या पायथ्याशी, उलट्या तव्यावर, झातर, म्हणजे रानओवा-तिळाचा मसाला, माखलेल्या भाकऱ्या भाजत होती. शनिवारची कणीक शुक्रवारीच मळावी लागते, आणि कणीक काही रोकोजच्या बोलण्यानं फुगत नाही. रोकोज म्हणजे उतारांचा व्यवस्थापक. फोनवरच्या रोजच्या निरोपात त्याचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा यायचा: "आपल्या उतारांवर बर्फाची स्थिती उत्तम ते अतिउत्तम." दगड दिसत असले की उत्तम, दगड झाकले गेले की अतिउत्तम. याखाली त्याचं गणितच जात नसे.

एके वर्षी त्यानं एकशे चाळीस सेंटिमीटर जाहीर केलं आणि मिलियाला उताराच्या मधोमध झुडपाचे शेंडे दिसत होते. तिनं झाडूच्या दांड्यावर खुणा केल्या आणि नऊ ठिकाणी तो खुपसून पाहिला. आठ ठिकाणी साठ, पासष्ट. नवव्या ठिकाणी, पाळण्याच्या इमारतीमागच्या खळग्यात, एकशे चाळीस. रोकोजची मोजपट्टी तिथं रोवलेली होती. वारा सगळा उतार झाडून त्या खळग्यात आणून टाकत होता.

तिनं हे सांगितल्यावर रोकोज म्हणाला, "इम्म राघिदा, मी खोटं बोलतो का? आहे ना तिथं एकशे चाळीस?"

"आहे की खवाजा. मग लोकांना तिथंच घसरायला सांग. एकेकाला."

लेकीच्या नावानं तिला सगळे इम्म राघिदा, राघिदाची आई, म्हणत, आणि रोकोजला खवाजा, म्हणजे साहेब. राघिदा तिची एकुलती एक, उतारांच्या सुरक्षा पथकात होती. सकाळी लोक यायच्या आधी वर जाऊन कुठला उतार उघडायचा, कुठला बंद ठेवायचा, हे तिचं काम.

दुसरं कोडं फोननं घातलं होतं. फोन म्हणे पाऊस, आणि दारात बर्फ. असं दहादा झाल्यावर मिलिया येईल त्या गिऱ्हाइकाला विचारू लागली. बैरूतची पोरं म्हणायची, "मावशी, अ‍ॅप म्हणजे असंच हं, मूडवर असतं." शेवटी विमानतळाच्या हवामान खात्यातला बासिल सापडला. भाकरी चावता चावता त्यानं सांगितलं की फोन डोंगर बघत नाही, तो मोठाले चौकोन बघतो. चौकोनात शिखर येतं, दरीही येते, आणि तो सगळ्याची सरासरी काढून बसतो. "तुमचा डोंगर त्याच्या लेखी पंधराशे मीटरचाच आहे मावशी. वरचा कडा आहे चोवीसशे."

"म्हणजे नऊशे मीटर हा खाऊन बसलाय."

शंभर मीटर चढलं की अर्ध्या अंशाहून थोडं जास्त थंड, हेही त्यानं सांगितलं. त्या दिवशी मिलियानं त्याच्याकडून भाकरीचे पैसे घेतले नाहीत, आणि त्या दिवसापासून फोन काहीही म्हणो, ती आकडे वजा करून मगच पोतं फोडायची.

तो शुक्रवार शाळांच्या सुट्टीचा होता. फोन साठ सेंटिमीटर बर्फ म्हणत होता आणि मिलियानं तीन पोती फोडली होती. सकाळी बाहीवर पडलेला बर्फ तिनं फुंकला तर उडाला. कोरडा, हलका, चाळणीतून पडल्यासारखा. दुपारी मात्र वारा नैऋत्येला फिरला. फोन म्हणाला, पाच अंश. तिनं वजाबाकी केली तर वर कड्यावर जेमतेम शून्याखाली. आता बाहीवरची फुलं फुंकून जाईनात, चिकटू लागली. संध्याकाळी परत गारठलं आणि वरून छान पांढरी मखमल पसरली. साठ पडायचे ते पडलेच. रोकोजनं अतिउत्तमच्या आधी एक "खरोखर" लावला.

मिलियाचा हात कणकेत थांबला. फोननं साठ सांगितले होते, पण साठात आधी काय आणि नंतर काय, ते कुठं सांगितलं होतं?

पहाटे राघिदा बूट चढवत होती तेव्हा मिलियानं परातीत कोरडं पीठ चाळलं, त्यावर ओल्या कणकेचा जाड थर अलगद ठेवला आणि परात एका बाजूनं उचलली. थर थोडा वेळ तसाच राहिला. मग सगळाच्या सगळा एका तुकड्यात घसरून टेबलावर आला.

"आई, मी कोर्स केलाय," राघिदा म्हणाली. "तू भाकऱ्या कर."

"करतेच आहे. तू कोर्समध्ये शिकलीस ते कर म्हणजे झालं. कड्यावर पाय ठेवायच्या आधी बाजूच्या सोंडेवर खड्डा खण, थर बघ."

"खवाजा आठला उघडायचं म्हणतायत. खाली गाड्यांची रांग लागलीय."

"रांग माझ्याकडे पाठव. तीन पोती आहेत."

राघिदा हसली, पण फावडं घेऊन गेली. मिलिया भाजत राहिली. आठ वाजले. सव्वाआठ. लोक वरच्या पाळण्याबद्दल विचारत होते आणि ती प्रत्येकाला नुसती भाकरी देत होती. साडेआठला रोकोजच्या वॉकीटॉकीवर राघिदाचा आवाज आला: कडा बंद, खालचे उतार उघडा.

रोकोज सूचनांच्या फळ्यासमोर खडू घेऊन उभा राहिला. कारण काय लिहू, असं त्यानं मिलियालाच विचारलं. ती म्हणाली, लिही, खाली पीठ, वर चिखल. त्यानं लिहिलं, तांत्रिक कारण.

दिवसभर ऊन होतं. कडा चकाकत, गपचूप बसून होता. एक कणही हलला नाही. दुपारी चारला रोकोज हात मागे बांधून आला.

"इम्म राघिदा, तुमचा कडा अजून जागेवरच आहे बरं का."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. तेच तिलाही खुपत होतं. कड्यावरचा बर्फ सुटून खाली आला असता की नसता, हे आता कुणालाच कळणार नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट तिला सोडवत नसे.

राघिदा परतली तेव्हा कणीक संपत आली होती. मिलियानं तिला बसवलं आणि विचारपूस सुरू केली. खालचा थर कितीचा होता? कोरडाच होता का? वरचा किती जाड?

"खालचा वीतभर. मुठीत घेतला तर सांडला. वरचा दोन वीत." राघिदा फुंकर घालून भाकरी तोडत होती. "खड्ड्याच्या कडेला बर्फाचा एक खांब कापून ठेवला, वर फावडं टेकवलं आणि हातानं थापट्या मारल्या. बर्फ पक्का असेल तर तीस थापट्याही झेलतो. सगळा वरचा भाग माझ्या मांडीवर आला."

"कितव्या थापटीला?"

राघिदानं घास गिळला.

"दुसऱ्या."

मिलियाला अजून पुष्कळ विचारायचं होतं. उतार किती होता, वारा कुठून होता, शेजारी दुसरा खड्डा खणला का. तिनं त्यातलं काहीच विचारलं नाही. परातीत उरलेला शेवटचा गोळा उचलला, थापला आणि लेकीसाठी तव्यावर टाकला.