गोधडीतली बादली

शूऽऽऽ असा आवाज बेसमेंटमधून थांबेचना. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर, माझी लेक परी कडेवर, "काका! ओ काका!" म्हणून ओरडतेय, खालून काहीच नाही… आणि मी पळाले. खाली नाही, बाहेर. अनवाणी ड्राइव्हवेवर. तिथून नाइन-वन-वनला फोन लावला आणि माझ्या तोडक्या इंग्लिशमध्ये "ओल्ड मॅन, गॅस, प्लीज कम" एवढंच परत परत बोलत राहिले. अरुणकाका गेले, त्याला आता सहा आठवडे झाले.

आम्ही त्यांचे भाडेकरू. इथं अमेरिकेत, पिस्कॅटवेला त्यांच्या घरात वरच्या दोन खोल्यांत राहतो. नवरा गोडाऊनला कामाला, मी दहावी नापास, काका रिटायर्ड इंजिनियर. राहायला आलो त्याच आठवड्यात मी नवऱ्याला म्हणलं, इथून निघू या, या म्हाताऱ्याचं काहीतरी काळंबेरं आहे. बेसमेंटमध्ये सिलेंडर, नळ्या, स्टीलच्या टाक्या, आंबूस वास, आणि एक झाकणाची बादली दिवसभर गुडगुड करतेय! लहानपणी गावात हातभट्टीवर धाड पडलेली मी बघितलीय. पोलीस आले की आपला व्हिसा गेला, हेच डोक्यात. एक दिवस काकांनी मला जिन्यातून वाकून बघताना पकडलं. "चोरून काय बघतेस? ये की खाली. एल आहे ती, बियरची बहीण. घरच्यापुरती करायला इथं परवानगी आहे." मी म्हणलं, "मग काकू तोंड का वाकडं करतात?" तर म्हणाले, "ती माझ्या चहालासुद्धा करते."

मग शिकवायलाच लागले. मला कशाला शिकवतात, यांना काय पाहिजे, असं मनात यायचंच… पण ते नुसतं शिकवायचे. मोड आणून वाळवलेली बार्ली गरम पाण्यात भिजवायची, ते पाणी गाळून उकळायचं, गार करायचं, यीस्ट टाकून बादलीत ओतायचं. झाकणाला पाणी भरलेली छोटी नळी, तिच्यातून आतला गॅस गुडगुड करत निघतो, नाहीतर झाकण उडेल. एकदा थंडीत बादली आंबेचना. मी म्हणलं, "इडलीच्या पिठाला गुंडाळतो तसं गुंडाळा की." माझी गोधडी आणून दिली. दुसऱ्या दिवशी गुडगुड सुरू! काका फोनवर सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या मॅडमनी प्रॉब्लेम सोडवला." मला आजवर मॅडम कुणी म्हणलं नव्हतं…

दोन आठवड्यांनी ती एल नळीने टाकीत उतरवायची, फेस यायला तिच्यात सिलेंडरचा गॅस सोडायचा आणि टाकीच्या झाकणावरची कडी ओढून आतली हवा बाहेर काढायची. शू, शू, शू. तीनदा, छोटं छोटं. मला ते पाठ होतं. आणि परी रांगायला लागली तेव्हा काकांनी एक नियम घातला. "या गॅसला वास नसतो, जड असतो, जमिनीलगत साठतो, माणूस कळायच्या आत गुदमरतो. लांब शूऽऽ ऐकू आलं आणि मी ओ दिली नाही, तर खाली यायचं नाही. आधी पोरीला घेऊन बाहेर. वचन दे." मी दिलं.

त्या दिवशी शू झालं. परत शू झालं. तिसरं आलंच नाही. धप्प आवाज आला, आणि मग ते लांबलचक… पडताना त्यांचा हात लागून सिलेंडरची नळी निसटली होती. फायरवाल्यांनी नवऱ्याला सांगितलं, बेसमेंटचं मागचं दार काकांनी आधीच उघडं ठेवलेलं, गॅस साठला नव्हता. म्हणजे मी खाली गेले असते तरी मला काही झालं नसतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट बंद पडलं, लगेच गेले. पण असं सगळ्यांनाच सांगतात की! त्या धप्पनंतर मला "पोरी" असं ऐकू आलं होतं. का नव्हतं आलं? हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

काकू तेव्हा देवळात होत्या. त्यांनी एकदाच विचारलं, "तू कुठे होतीस गं?" मी म्हणलं, "बाहेर. परीला घेऊन." "बरं," म्हणाल्या. बस. त्या दिवसापासून मी त्यांचं तोंड बघत असते. मागच्या आठवड्यात म्हणाल्या, "आपल्या इथल्या मराठी पेपरच्या पुरवणीत त्यांच्याबद्दल तू लिही. तूच होतीस ना घरात." मलाच का? माझ्याकडून काय कबूल करून घ्यायचंय यांना?

काल म्हणाल्या, "खाली एक बादली राहिलीय. टाकीत भर. त्यांनी तुलाच शिकवलंय." परीला त्यांच्याकडे देऊन मी खाली गेले. आधी मागचं दार उघडलं. माझ्या गोधडीत बादली तशीच, गुडगुड कधीच थांबलेली. झाकणावर टेप, त्यावर काकांचं अक्षर, "मॅडमना विचारून उघडणे." एल टाकीत उतरवली, गॅस सोडला, कडी ओढली. शू… शू… तिसऱ्याआधी मी थांबले. वर बघितलं तर काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर, परी कडेवर, माझ्याकडे बघतायत. बरोबर मी उभी होते तिथेच.

तुम्हीच सांगा… कडेवर पोर, खालून तो आवाज, आणि ज्याला वचन दिलं तोच माणूस खाली पडलेला. तुम्ही काय केलं असतं?