मोटेचं गाणं कोणत्या रकान्यात

मी चौथी नापास. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसायला नको. चौथी नापास माणसानं दिल्लीत केंद्र सरकारची छत्तीस वर्षं नोकरी केली. पहिली नऊ शिपाई म्हणून, बाकीची दफ्तरी म्हणून. दफ्तरी म्हणजे कुठला कागद कुठल्या फायलीत जातो हे ज्याला कळतं तो. साहेबांना ते कळत नसे, कारण ते एमए असत.

तेव्हा रकान्यांची मला भीती नाही. राग आहे, आणि तो कसा वाढला ते सांगतो.

गेल्या वर्षी इथल्या मराठी लोकांच्या एका मंडळानं गाण्याची स्पर्धा ठेवली. दिल्लीतल्या द्वारकेला आमच्या घरी त्याचा निरोप फोनवर आला आणि नातीनं वाचून दाखवला. पाच गट होते: नाट्यगीत, भावगीत, भक्तिगीत, लोकगीत आणि पाश्चात्त्य. पाचवा गट कशाला, तर नवी पिढी मंडळाला जोडून घ्यायची म्हणे. नवी पिढी म्हणजे आमची नात. कॉलेजात जाते, गिटार वाजवते, आणि खेड्यातल्या गोऱ्या लोकांची गाणी म्हणते. स्वतः गावाला गेली की तिसऱ्या दिवशी परतीचं तिकीट बघते.

मी म्हटलं, "लोकगीतात माझं नाव घाल."

सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा, तुम्ही गाता?"

मुलगा म्हणाला, "बाबा, अच्छा आहे, पण तिथे सगळे ऑफिसचे लोक असतात यार."

जसं काही मी तीस वर्षं गायलोच नव्हतो. आमच्या सोसायटीत सगळ्या न्हाणीघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. सहा मजल्यांनी मला रोज ऐकलेलं आहे. तक्रार एकदाच आली, तीही साबणाच्या पाण्याबद्दल.

मला गायचं होतं ते मोटेचं गाणं. विहिरीवर इंजिन येण्याआधी पाणी मोटेनं काढत. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिचा दोर, म्हणजे नाडा, बैलांच्या जोडीला बांधायचा. बैल उतारावरून खाली गेले की मोट वर येते, पाणी ओतते. मग बैल त्याच उतारावर उलटे, पाठीमागे चालत वर येतात आणि मोट पुन्हा खाली जाते. उलटं चालायला बैलाला आवडत नाही. माणसालाही नाही. म्हणून गाणं. खाली जाताना नाड्यावर बसून मोकळ्या गळ्यानं, वर येताना गोंजारत, चुचकारत. दिवसभर.

हे गाणं माझ्या बापानं रचलं. पहिल्या कडव्यात डावीकडच्या बैलाची तारीफ, दुसऱ्यात उजवीकडच्याला शिव्या, तिसऱ्यात विहिरीला प्रश्न, चौथ्यात पाट फोडून पाणी पळवणाऱ्या बांधावरच्या शेजाऱ्याला टोमणे. माझा बाप शाळेत गेला नाही. सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव. मतदारयादीत लिहिलं होतं ते चुकीचं. फोटो एकही नाही. सत्तर वर्षं जगलेल्या माणसाचं नाव धड कुठंच नाही. मला ते एकदा, फक्त एकदा, माइकवरून ऐकायचं होतं. बक्षीस गेलं खड्ड्यात.

फॉर्म भरताना नातीनं विचारलं, "आजोबा, गीतकार?" मी बापाचं नाव सांगितलं. "संगीतकार?" पुन्हा तेच.

चार दिवसांनी फोन आला. सांस्कृतिक उपसमितीचे अध्यक्ष. हे अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले, आणि मंडळही तसंच चालवतात. चहात साखर किती यावर टिपण फिरवतात. मला म्हणाले, "काका, तुमचा अर्ज लोकगीत गटात बसत नाही. नियम तीन बघा. लोकगीताचा कर्ता अज्ञात पाहिजे."

"मला तर माहीत आहे."

"तीच अडचण आहे ना! कर्ता माहीत असला की ते स्वरचित होतं. स्वरचित भावगीतात जातं. भावगीताला पेटी-तबला लागतो."

"बैलांना पेटी चालत नाही, साहेब."

"चलो, तुमच्यासाठी मार्ग काढतो. एक साधं स्वयंघोषणापत्र द्या. सदर गीताचा कर्ता मला माहीत नाही, खाली सही. बस."

मी म्हटलं, "म्हणजे माझा बाप मला माहीत नाही असं मी लिहून द्यायचं?"

"अहो, तसा अर्थ नाही होत."

"होतो. मराठीत होतो."

"बरं, त्यांनीच रचलं याला पुरावा काय?"

"गाण्यात आमच्या दोन्ही बैलांची नावं आहेत."

"मग बैलांनी रचलं असं धरायचं का?" असं म्हणून ते स्वतःच हसले. फायलीवर विनोद करून स्वतःच हसायची वरच्या लोकांना सवय असते, आणि खालच्यांनी त्यात हसायचं असतं. मी निवृत्त आहे. हसलो नाही. फोन ठेवला.

दोन दिवस न्हाणीघरातलं गाणंही बंद ठेवलं. मुलगा म्हणाला, सही करून टाका, कोण बघतंय? या मुलाचा बाप मीच. त्यालाही उद्या कुणी कागद पुढे केला तर करेल सही.

तिसऱ्या दिवशी नात गिटारीच्या तारा पिळत बसली होती. मी विचारलं, "तुझ्या त्या गोऱ्यांत असले रकाने असतात का गं?"

"खूप," ती म्हणाली. "मी गाते ते कंट्री. मग फोक आहे, ब्लूज आहे, ब्लूग्रास आहे."

"कंट्री म्हणजे काय?"

"खेड्यातलं. नोकरी गेली, बायको गेली, ट्रक बंद पडला, दारू प्यायला."

"आणि फोक?"

"तेही खेड्यातलंच. पण जुनं, कुणी केलं माहीत नाही असं. नंतर शहरातली शिकलेली मुलं तेच गिटारवर मोर्च्यांत गायला लागली. नवी गाणी केली, तरी तेही फोकच म्हणतात."

"म्हणजे गावातला माणूस शहरात येऊन गावासाठी रडला की कंट्री. आणि शहरातला माणूस गावात न जाताच गावासाठी रडला की फोक."

"आजोबा, असं नसतं!" मग थोडं थांबून, "थोडंसं असतं."

ब्लूज हे काळ्या लोकांचं, शेतात आणि रुळांवर राबणाऱ्यांच्या गाण्यांतून आलेलं. ब्लूग्रास डोंगराकडचं, बॅन्जो आणि धावपळ. नात म्हणाली की आधी तिथले गोरे-काळे एकमेकांची गाणी सर्रास गात. तबकड्या विकणाऱ्यांनी दोन कप्पे केले, याचं यांना, त्याचं त्यांना. मग पुढे कुणाला तरी वाईट वाटलं आणि सगळ्यांना मिळून रूट्स असं नाव दिलं.

"म्हणजे 'इतर'," मी म्हटलं. प्रत्येक खात्यात शेवटी एक इतर नावाची फाइल असतेच. सगळ्यात कामाचे कागद तिच्यातच सापडतात. "बरं, मला हे सांग, कंट्रीत गाणं रचणाऱ्याचं नाव चालतं?"

"चालतं काय, लागतंच. नाही लिहिलं तर कोर्टात जातात."

दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो. अक्कल आमच्या घराण्यात एक पिढी सोडून येते.

नातीनं नियम उघडले. पाश्चात्त्य गट: मूळ कलाकाराचं नाव लिहिणं बंधनकारक. किमान एक वाद्य पाश्चात्त्य हवं. भाषा कुठली, याबद्दल अक्षर नाही, कारण मराठीतून कुणी येईल असं उपसमितीच्या स्वप्नातही नव्हतं. नातीनं लिहिलं: प्रकार, कंट्री. विषय, पाणी आणि शेजारी. मूळ कलाकार, माझा बाप. वाद्य, गिटार. अर्ज त्याच दिवशी मंजूर. पुरावा नाही, घोषणापत्र नाही. परदेशी माणसाचा बाप कोण, हे विचारायची आपल्यात पद्धत नाही.

अध्यक्षांचा फोन मात्र आला. "काका, तुमचे वडील इंग्रजीत गायचे का?"

"साहेब, नियम दाखवा."

नियम नव्हता. आयुष्यभर त्यांनी लोकांना ज्यानं गप्प केलं, त्यानंच ते गप्प झाले.

तालमीला मात्र भांडणं झाली. नात म्हणे, "आजोबा, बीट पकडा." मी म्हणे, बीट बैलाच्या पायात असते, बैल जड असेल तर उशिरा येते. ती चार मोजायची, मी पाच पावलं टाकायचो. शेवटी तिनं मोजणं सोडलं आणि माझ्या पायांकडे बघून वाजवायला लागली. मग जमलं. दिवाणखान्यात सोफ्यापासून देवघरापर्यंत आठ पावलं पुढे, आठ पावलं उलटी. सुनेनं टीपॉय उचलून बाल्कनीत ठेवला. संध्याकाळी दार लावून घेण्याऐवजी तीही ऐकत बसायला लागली.

स्पर्धा कस्तुरबा गांधी मार्गाच्या बाजूला एका सभागृहात होती. निवेदन करणाऱ्या बाईंनी कागद वाचला: पाश्चात्त्य गट, कंट्री संगीत, मूळ कलाकार... आणि माझ्या बापाचं नाव घेतलं. पूर्ण. आडनावासकट. मोठ्या भोंग्यातून. मागच्या रांगेत वडे खाणाऱ्यांनीही ऐकलं असणार. मला वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल. आलं नाही. मान ताठ झाली, एवढंच.

गायलो. नाड्यावर बसतात तसं जरा मागे रेलून पुढे गेलो, आणि उलटा आलो. लोक आधी हसले, म्हातारा विसरून मागे चालला म्हणून. दुसऱ्या फेरीला हसू थांबलं. चार मिनिटांची घंटा वाजली तेव्हा चौथं कडवं चालू होतं आणि मोट अर्ध्यात होती. अर्ध्यात सोडली तर भरलेली मोट बैलांना विहिरीत ओढते. हे उपसमितीला माहीत नसलं तरी मला आहे. मी पाणी ओतूनच थांबलो. घंटा तीनदा वाजली. आमचा तिसरा नंबर आला. गटात तिघंच होते.

चहाच्या वेळी एक दाढीवाला तरुण जवळ आला. परीक्षा देणाऱ्यांपैकी होता, लातूरकडचा. कलेक्टर व्हायला येतात आणि एका खोलीत चौघं राहून डाळ-भात खातात, त्यातला. त्याचा पाचवा प्रयत्न चालू होता. म्हणाला, "आजोबा, मस्त झालं. आमच्या घरी पण हेच म्हणायचे. माझ्या पणजोबांनी रचलेलं आहे."

माझ्या हातातला वडा हातातच राहिला. "काय रचलेलं?"

"हेच. बैलांची नावं वेगळी आहेत. शेजाऱ्याचं कडवं अगदी असंच."

"तुझ्या पणजोबानं माझ्या बापाचं उचललं."

"आजोबा, ते कधी लातूर सोडून गेले नाहीत."

"माझा बाप माण तालुका सोडून गेला नाही."

नात मध्ये पडली, "आजोबा, शेजारी सगळ्यांनाच असतो ना." तिला म्हटलं, तू गप्प बस, तू गिटार. पण आतून हललो होतो, खोटं कशाला बोलू? अध्यक्ष चार हातांवर चहा पीत उभे होते. त्यांनी ऐकलं असतं, तर नियम तीन घेऊन माझ्याकडे आले असते.

मी त्याला बाजूला नेलं. "म्हणून दाखव."

त्यानं हळू आवाजात म्हटलं. चौथं तेच. मग थांबला नाही, पाचवं म्हणाला. पाचवं आमच्याकडे नव्हतंच. त्यात पाटाच्या शेवटी बसलेल्या म्हाताऱ्या आईला विचारलंय, पाणी पोचलं का, तू प्यायलीस का. चांगलं होतं. फार चांगलं होतं. माझ्या बापाला ते सुचलं नसतं. त्याला शेजाऱ्याचा राग फार.

"पणजोबांचं नाव काय?" मी विचारलं.

तो गडबडला. "नाव... आम्ही सगळे बडे अब्बाच म्हणायचो."

"एवढा कलेक्टर होणार, आणि पणजोबाचं नाव नाही? असंच होतं मग लोकगीत. घरी कुणी फोन लावत नाही म्हणून होतं. लाव फोन."

त्यानं लावला. पलीकडून आई घाबरून बोलली, "क्या हुआ रे? रिझल्ट लागला का?"

"नाही अम्मी. बडे अब्बांचं नाव सांग. मोट हाकायचे ते."

"बरं नाही का तुला? जेवला का?"

"जेवलो. नाव सांग."

तिला माहीत नव्हतं. तिनं अंगणात हाक मारली. कुणी म्हातारे चुलते आले. कोण बडे अब्बा, पागोटंवाले की गाणारे, असं विचारलं. "गाणारे, गाणारे," हा ओरडला, आणि चहाची रांग आमच्याकडे बघायला लागली. नाव आलं. त्यानं दोनदा विचारून घेतलं. नातीनं ते फोनमध्ये टिपायला घेतलं, तर मी म्हटलं, फोनमध्ये नाही, कागदावर. मग तिनं आमच्या तिसऱ्या नंबरच्या प्रशस्तिपत्राच्या मागे लिहिलं: पाचवं कडवं, आणि पुढे ते नाव.

तो म्हणाला, "आजोबा, आणि चौथं? ते कुणाच्या नावावर?"

"माझ्या बापाच्या. नोंद झालेली आहे, माइकवर झालेली आहे. हरकत असेल तर लेखी दे."

तो हसला, आणि नातीकडे पेन मागितला.