प्लायवूडच्या विमानावरचं नाव

आमच्या तळावर माणसाची किंमत विमानावरून ठरायची. तुमचे हात कुठल्या विमानाला लागतात, तेवढी तुमची लायकी. लढाऊ विमानं म्हणजे घरचे जावई. त्यांचे नखरे, त्यांचे रुसवेफुगवे, त्यांच्यासाठी दिवसातून दोनदा पुसलेला हँगर. हवेतल्या हवेत त्यांना इंधन पाजणारं टँकर, त्याला आम्ही दूधवाली म्हणायचो. पाठीवर भलीमोठी ताटली घेऊन उंचावर घिरट्या घालणारं रडारचं विमान म्हणजे सासूबाई. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. हेलिकॉप्टर म्हणजे पंखा, नवशिक्या वैमानिकांची विमानं म्हणजे बालवाडी, आणि वैमानिकाविना उडणारी ती बिनडोकी. राहिलं मालवाहू. ते हमाल. रणगाडे न्या, पीठ न्या, जखमी आणा, प्रेतं आणा. लढाई लागली की सगळ्यात आधी हमालाचीच आठवण होते, पण फोटो जावयाचा निघतो.

मी जावयांकडे होतो आणि मला त्याचा माज होता. आता निवृत्त झालोय, गुडघे गेलेत, माजही उतरलाय, म्हणून सांगायची हिंमत करतोय. सांगायचंय ते पुन्हारावांबद्दल.

चोवीस वर्षं मालवाहू विमानांवर काढून ते आमच्या स्क्वाड्रनमध्ये आले, कारण त्यांचं स्क्वाड्रनच बंद झालं. वय सेहेचाळीस, हात फावड्यासारखे. आमच्या विमानाच्या पोटात ज्या फटीतून माझा हात सहज जाई, तिथे त्यांचं मनगटच अडकायचं. मग आम्ही मागून ओरडायचो, "पुन्हाराव, तेल लावू का?" हे नाव आम्हीच ठेवलेलं. आमच्याकडे हत्यारांच्या पेट्या असत. आत जाड स्पंज, आणि स्पंजात प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खड्डा. काम संपलं की प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड आपापल्या खड्ड्यात गेली पाहिजे, मोजली पाहिजे, मगच विमान सुटायचं. आम्ही एकदा नजर टाकून झाकण लावायचो. हा बाबा मोजायचा, आणि मोजून झाल्यावर म्हणायचा, "पुन्हा एकदा मोजू." जेवणाची सुट्टी निघून जायची. तिसऱ्या दिवशी त्यांचं बारसं झालं.

माणूस हसतमुख होता, हेच आम्हाला जास्त डाचायचं. कितीही टोमणे मारा, मान हलवून आपलं काम करत राहणार. घरी दहा वर्षांची मुलगी, म्हातारे वडील, आणि इस्पितळात पाळ्या करणारी बायको. एकदा चहा पिताना त्यांनी मला मनातलं सांगितलं. आमच्या लढाऊ विमानांवर कॉकपिटच्या काचेखाली डाव्या बाजूला वैमानिकाचं नाव असतं, आणि उजव्या बाजूला त्या विमानाच्या मुख्य मेकॅनिकचं. मालवाहू विमानांवर असली पद्धत नव्हती. पुन्हाराव म्हणाले, "चोवीस वर्षं दुसऱ्यांचं सामान वाहिलं. एकदा आपलं नाव उडावं असं वाटतं रे. पोरीला शब्द देऊन बसलोय." चार नंबरच्या विमानाचा मुख्य मेकॅनिक दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता. सेवाज्येष्ठतेनं नंबर पुन्हारावांचा होता. त्यांच्या खालोखाल माझा.

मग ती पक्कड हरवली.

मोठा सराव होता. वरून तपासणीचे साहेब आलेले, आठ विमानं रांगेत, इंजिनं चालू व्हायला वीस मिनिटं बाकी. पेट्यांची मोजणी पुन्हारावांकडे. माझ्या पेटीत एक खड्डा रिकामा. छोटी, बोटाएवढ्या तोंडाची पक्कड. मी त्यांच्या कानाशी लागलो, "अहो, असेल बाकावर. पूर्ण आहेत म्हणून लिहा, मी नंतर शोधतो."

ते म्हणाले, "नाही आहे, तर नाही लिहिणार."

"साहेब समोर उभे आहेत, पुन्हाराव! माझी वाट लागेल."

"तुझी वाट लागेल, पण वरचा माणूस जिवंत राहील," असं म्हणून ते गेले आणि खबर दिली.

आठही विमानं थांबली. नियमच तसा आहे. हत्यार सापडेपर्यंत एकही चाक हलत नाही. पाच तास आम्ही रांगत होतो. साहेब घड्याळ बघत बसले, मग कंटाळून निघून गेले. पक्कड सापडली चार नंबरच्या कॉकपिटमध्ये, वैमानिकाच्या दोन पायांमध्ये विमान वळवायचा जो दांडा असतो त्याच्या बुडाशी. आदल्या दिवशी मीच तिथे काम केलं होतं आणि पेटीवर नुसती नजर टाकून झाकण लावलं होतं. विमान हवेत उलटं झालं असतं तर पक्कड घसरून दांडा अडकला असता आणि वैमानिक जमिनीत गेला असता. चार नंबरचा वैमानिक पांढराफटक पडला. पुन्हारावांचा खांदा दाबून म्हणाला, "वाचलो बुवा."

हे सकाळचं. संध्याकाळपर्यंत कळलं की तपासणीत आमचं स्क्वाड्रन शेवटून पहिलं आलंय आणि सगळ्यांच्या सुट्ट्या महिनाभर बंद. मला चौदा दिवस जादा पहारा. खरं तर सगळ्यांनी मला जोड्यानं मारायला हवं होतं. पण माझ्यावर कोणी चिडलं नाही. चूक काय, कोणाच्याही हातून होते. चिडले ते पुन्हारावांवर. "हमालानं घात केला." तो वैमानिकसुद्धा म्हणाला, "गुपचूप येऊन माझ्या कानात सांगता आलं असतं की." आणि मी? मी चौदा दिवस पहारा देत एकच विचार करत होतो, याला कसा धडा शिकवायचा.

तळाच्या दुसऱ्या टोकाला, गवतात, पाच नकली विमानं उभी असत. सांगाडा लाकडी, वर प्लायवूड, त्यावर खऱ्यासारखा रंग. चाकं भंगारातली, पण खरी. वरून बघणाऱ्या शत्रूला ती खरी वाटावीत आणि त्यानं आपला बॉम्ब त्यांच्यावर वाया घालवावा, एवढंच त्यांचं काम. हवाई दलात मार खाण्यासाठीही विमान ठेवलेलं असतं.

कल्पना माझी. हे मी कधी कोणावर ढकललं नाही, आजही ढकलत नाही. कुटुंब दिन जवळ आला होता. त्या दिवशी घरच्या माणसांना आत सोडतात, विमानं ओळीनं मांडतात, दोरीपाशी उभं राहून बघू देतात. मी पुन्हारावांना गाठलं. "अभिनंदन! चार नंबरची ऑर्डर निघाली. कुटुंब दिनाला नाव रंगवून तयार असेल. घरच्यांना घेऊन या."

त्यांचा चेहरा असा काही उजळला की क्षणभर माझंच काळीज हललं. "कागद पाहिलास?"

"या डोळ्यांनी."

जो माणूस चार आण्याचा स्क्रूसुद्धा तीनदा मोजायचा, त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. इतर कशाचीही थट्टा कोणी करेल, पण या गोष्टीची करेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नसणार.

रंगाऱ्याला आम्ही गाठलं. एक नकली विमान ओढून आणून ओळीच्या शेवटी उभं केलं. आमचा मुकादम म्हणाला, "मी काही पाहिलेलं नाही," आणि सिगारेट ओढायला निघून गेला. खऱ्या विमानांवर हुद्दा आणि आडनाव एवढंच असतं. मी रंगाऱ्याला सांगितलं, पूर्ण नाव लिही, बापाच्या नावासकट. चार नंबरचा वैमानिक तिथून चालला होता. ज्याचं डोकं त्या माणसामुळे धडावर होतं, तो थांबला, हसला आणि म्हणाला, "अक्षरं मोठी काढा, लांबून दिसली पाहिजेत."

कुटुंब दिनाला पुन्हाराव इस्त्रीच्या गणवेशात आले. बायकोची पाळी होती, म्हणून बरोबर मुलगी आणि वडील. वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मुलाच्या दंडाला धरून चालत होते. पुन्हाराव सरळ चार नंबरकडे निघाले. उजव्या बाजूला जुनंच नाव. ते गोंधळले. मी लांबूनच हाक मारली, "इकडे, पुन्हाराव! शेवटचं!"

ते वळले. पाहिलं. चोवीस वर्षं विमानात घालवलेल्या माणसाला पन्नास पावलांवरून कळतं. त्यांची पावलं थांबलीच. पण मुलीनं नाव वाचलं होतं आणि ती धावत सुटली होती. आम्ही वीसपंचवीस जण घोळका करून उभे होतो, आणि हसू दाबता दाबता कित्येकांचं फुटलं होतं.

"बाबा, केवढं मोठं लिहिलंय! आजोबा, यात तुमचंपण नाव आहे!"

"माझं?" म्हातारा म्हणाला. "ने बघू मला जवळ."

दोरी आम्हीच काढून ठेवली होती, जवळून मजा यावी म्हणून. मुलीनं आजोबांचा तळवा धरून अक्षरांवर ठेवला. म्हातारा जन्माचा सुतार, हे आम्हाला कुठे ठाऊक! त्यानं अक्षरांवरून हात फिरवला, मग कडेवरून फिरवला, मग बोट वाकवून दोनदा ठोकलं. पोकळ आवाज आला. मागून कोणीतरी खिंकाळलं. म्हाताऱ्यानं तोंड आमच्या आवाजाच्या दिशेला वळवलं.

"हे विमान काय काम करतं हो?"

घोळक्यातून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, हे सगळ्यात शूर. शत्रूचे बॉम्ब अंगावर घेतं."

"आणि तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"आम्ही खंदकात."

पुन्हा हशा. पुन्हाराव माझ्याकडे बघत होते. शिवी नाही, राग नाही. मला वाटतं ते विनवत होते, की पोरीसमोर तरी एवढ्यावर थांबवा. मुलगी म्हणाली, "बाबा, नीट उभे राहा ना, फोटो काढू." ते नावाखाली उभे राहिले, छाती काढून, हात सरळ. फोटो मीच काढला. मग म्हातारा म्हणाला, "चल रे, पोरीला ऊन लागतंय," आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हाराव वेळेवर आले, पेट्या मोजल्या. आठवड्याभरानं त्यांनी अर्ज दिला, चार नंबरसाठी आपला विचार करू नये. मुकादमानं तो हसत हसत पुढे पाठवला. जुना मेकॅनिक निवृत्त झाला आणि चार नंबरवर नाव लागलं ते माझं. हुद्दा आणि आडनाव, छोटी सुबक अक्षरं. लाज वाटली का? वाटली. पण नाव पुसायला सांगण्याइतकी नाही वाटली.

त्यानंतर एकदाच ते आपणहून माझ्याशी बोलले. हँगरच्या दाराशी थांबवून म्हणाले, "रविवारी घरी येशील? पोरीचं तुझ्याकडे काम आहे."

म्हटलं, आता बाप-लेक मिळून तोंडावर थुंकणार. तरी गेलो. न जाण्याची हिंमत नव्हती. दोन खोल्यांचं घर, दाराशी चपला ओळीनं, कोपऱ्यात खुर्चीवर म्हातारा. चहा पुन्हारावांनीच केला. भिंतीवर तो फोटो, फ्रेममध्ये. फ्रेम म्हाताऱ्यानं स्वतः केलेली, दिसत नसताना, हातानं चाचपून.

मुलगी वही घेऊन आली. "काका, मी बाबांवर निबंध लिहिलाय, पण माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणतो की बाबांचं विमान खोटं आहे. त्याचे बाबा रडारवर आहेत ना, म्हणून त्याला सगळं कळतं म्हणे. मी खूप भांडले. मग बाई म्हणाल्या, निबंध वार्षिक अंकात छापू, पण बाबांबरोबर काम करणाऱ्या कोणाची तरी सही आण, हे खरं आहे अशी. तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो."

"मग करा सही."

मी पेन शोधायला खिसे चाचपले. पेन पुन्हारावांनी पुढे केलं. ज्या माणसानं आठ विमानं अडवली, पण एका पकडीसाठी खोटं लिहिलं नाही, तो माझ्यासमोर पेन धरून उभा होता. मी घाईनं वही ओढली आणि शेवटच्या ओळीखाली पेन टेकवलं.

"वाचून सही कर," पुन्हाराव म्हणाले.

मग वाचावं लागलं. गोल, टपोरं अक्षर. माझे बाबा विमानं दुरुस्त करतात. त्यांचे हात खूप मोठे आहेत. त्यांच्या विमानावर त्यांचे आणि माझ्या आजोबांचे नाव आहे. ते विमान सगळ्यात शूर आहे, कारण ते बॉम्ब स्वतःच्या अंगावर घेते. आम्ही विमान बघायला गेलो तेव्हा बाबांचे सगळे मित्र आधीच येऊन थांबले होते. बाबांचे नाव बघून त्यांना इतका आनंद झाला की सगळे हसत होते. ज्या काकांनी फोटो काढला ते सगळ्यात जास्त हसत होते.

"केली का त्यांनी सही?" कोपऱ्यातून म्हाताऱ्यानं विचारलं.

"करतायत, आजोबा."

मी सही केली. खाली माझा हुद्दा लिहिला, स्क्वाड्रनचं नाव लिहिलं, तारीख टाकली, आणि वही मुलीच्या हातात परत दिली.