पडद्याकडं पाठ करून ऐकलेला पिच्चर

"तोंड खुर्च्यांकडं कर. पडद्याकडं पाठ."

मॅनेजरनं सांगितलं आन माह्या हातात दोरी दिली. वर आढ्याला झालरीचा लांब पंखा टांगलेला, कुठल्यातरी जुन्या कचेरीतून आणलेला. त्याची दोरी कप्पीवरून खाली पडद्याच्या पायथ्याला आलती. तिथं मला जमिनीवर बसवलं. वढायची, सोडायची. वढायची, सोडायची. आन पिच्चर माह्या डोक्याच्या मागं.

मी म्हणलं, अशी उलटी कामून बसवायलाव? बाजूला बसून वढते की. तर म्हणला, आदीचा गडी पिच्चर बघत बसायचा आन पंखा थांबायचा. वकीलसाहेबाला घाम आला म्हणून हाकलला त्याला. तू बाईमाणूस हायस, मान खाली घालून वढशील. मंग बोट माह्या नाकाम्होरं धरून म्हणला, "मान वळली तर पुन्हा या टाकीत पाऊल टाकायचं न्हाई."

टाकी म्हंजी पत्र्याचं थेटर. परभणीत मोंढ्याच्या बाजारामागं. पोलीस ॲक्शन होऊन काही वर्सं झालती. निजाम गेला, रजाकार गेले, आता राज्य आपलं, असं जो त्यो सांगायचा. मी जिनात कामाला व्हते. कापसातला कचरा येचायचा, सरकी पोत्यात भरायची. नाकातोंडात कापूस जायचा. दिस दिस त्यो गिळायचा आन शुक्रवारी टाकीत जाऊन पडद्याच्या पार बुडाला बसायचं. म्होरची जमीन आमची. मागं बाकडी, त्याच्या मागं खुर्च्या. वर बघू बघू मान आखडायची. पर मला पिच्चरचं येड व्हतं. पुरं येड. सासू म्हणायची, हिला भाकर नसली तरी चालंल. खोटं न्हाई म्हणत ती. एकदा कानावर पडलेलं बोलणं मी इसरत नव्हते. शनिवारी जिनात बाया म्हणायच्या, सांग गं. मी हात चालवत चालवत पुरा पिच्चर सांगायची, गाण्यासगट, रडण्यासगट. कित्येकींना घरातून टाकीत जाऊ देत नव्हते. त्यांनी जे बघितलं ते माह्या तोंडातून बघितलं.

आता ट्रायलचं सांगते. नवा पिच्चर आला की आदल्या दिवशी दुपारी टाकीचे दरवाजे लागायचे. भाईर टांगे उभे. आत वकीलसाहेब, डाक्टर, मोंढ्यातले दोघं आडते आन समद्यांच्या बायका. आमी दुसऱ्या दिवशी जायचाव. कामून? मॅनेजर म्हणायचा, मोठी माणसं आदी बघून पास करत्यात, मंग तुमाला दावतो.

पास म्हंजी काय? परीक्षा पिच्चरची का आमची?

मला तवापासून शक. माणूस आदी खातो त्यो ताजं खातो, मागून खातो त्यो उरलेलं खातो, एवढं तर कळतं ना आपल्याला. जिनात बाया काय काय बोलायच्या. एक म्हणायची, त्यांना दोन गाणी जास्तीची दावत्यात. दुसरी म्हणायची, हिरवीन सोता येऊन त्यांच्यात बसती, सरबत पिती. मी हसायची, पर रातच्याला अंथरुणावर इचार यायचा. आमी पिच्चरसाठी जीव टाकायचा, टाकी आमच्यानं भरायची, शिट्ट्या आमच्या, आन आमच्या आदी दार लावून हे काय बघायलेत?

म्हणून मुकादमानं जवा निरोप दिला, टाकीवर जा, ट्रायलला एक बाई पायजे म्हणत्यात, तवा मी हुरळले. काम इचारलंच न्हाई. धुतलेलं लुगडं नेसले. डोक्याला तेल लावलं. बायांनी सांगितलं, नीट बघून ये गं, काय सोडू नको. आन आत गेल्यावर दोरी हातात आली.

अंधार झाला. मागं पिच्चर सुरू झाला. माह्याम्होरं खुर्च्या. पडद्यावरचा उजेड त्यांच्या तोंडावर हालायला. मी त्यांनाच बघायले, दुसरं बघणार काय? डाक्टर पयल्या गाण्यालाच झोपला. त्याची बायको दुसऱ्या बाईला सोताच्या पाटल्या दावायली. आडत्याचं सरबत संपलं तर त्यानं अजून मागवलं. माह्या मागं पडद्यावर एक बाई इतकं ग्वाड गायली की माह्या अंगावर काटा आला, आन ह्यांच्यातला एक जांभई द्यायला. मला लय राग आला. तुमाला बघायचंच न्हाई तर आमच्या आदी कशाला बघता रे? झोपायलाच येता तर घरी झोपा.

कान काय कुणी बांधले नव्हते. मी ऐकायले. गोष्ट कुळाची व्हती. नवरा मेलेली बाई, मालकाची जमीन कसणारी. मालक तिला चावडीवर बोलावतो. दहा माणसांत म्हणतो, जमीन माझी, चालती हो. मशिनीची घरघर तेवढी. मंग त्या बाईचा आवाज आला. वरडून न्हाई. सादा, घरात बोलावा तसा.

"जमीन तुमची आहे ना, मालक? मग यंदा तुम्हीच पेरा."

माहा हात थांबला. मान वळायलाच आलती. त्या बाईचं तोंड कसं असंल? हे बोलताना ती कुणाकडं बघायली असंल?

"पंखा," वकीलसाहेब म्हणला.

मी दोरी वढली. मंग त्यानं हात वर केला. मॅनेजर पळत आला. साहेब म्हणला, "हे काढा. इथं नको. आधीच कुळकायद्यानं लोकांची डोकी फिरलीत." मॅनेजर म्हणला, जी साहेब, आज सांजच्याला कापतो, वरून जोडतो, कळणार न्हाई कुणाला. आडते हसले. डाक्टर जागा झाला, काय झालं म्हणला, पुन्हा झोपला.

हे समदं माह्याम्होरं. मी त्यांच्याकडं तोंड करून बसलेली. त्यांना वाटलं न्हाई की इथं एक माणूस बसलंय, त्याला कान हायत. भिंतीत खिळा असतो तशी मी. दोरी अडकवायला.

माहा शक खरा निघाला व्हता. मला वाटायचं, त्यांना जास्तीचं दावत्यात. तसं नव्हतं. आमचं कमी करायलते.

दुसऱ्या दिवशी जिनात मी पयल्यांदा गोष्ट पिच्चर बघायच्या आदी सांगितली. त्या बाईचं बोलणं सांगितलं. साहेबाचं पण सांगितलं. बाया म्हणल्या, छ्या, असं कुठं कापत्यात का? पिच्चर काय लुगडं हाय? सखूमावशी तेवढी कान देऊन ऐकायली. माह्या शेजारी बसून कचरा येचायची ती. तिचा नवरा झरी गावच्या शिवारात ह्याच वकीलसाहेबाची जमीन कसायचा, निजामाच्या काळापासून. कुळाला जमीन मिळणार अशी हवा सुटली, तसं साहेबानं खुदकाश्त, म्हंजी जमीन मीच कसतो असं, कागदावर दावून त्याला भाईर काढलं. त्यानं जे अंथरूण धरलं, त्यातच त्यो गेला. मावशी परभणीला आली. पिच्चर तिनं जलमात बघितला नव्हता. पडद्यावरची माणसं खोटी, आपल्याला काय त्याचं, म्हणायची.

दुपारी भाकर खाताना तिनं इचारलं, खरंच म्हणती का गं ती? मालकाच्या तोंडावर? मी हाव म्हणलं. ती म्हणली, "मला ऐकू दे एकदा. आमच्या माणसाला म्हणता आलं न्हाई."

मॅनेजर कापतो म्हणलता. पर मनात यायलं, कापायला इसरला असंल. येळ भेटला नसंल. म्हणून तिला घेऊन गेले.

टाकी खच्चून भरलेली. मावशी माह्या दंडाला धरून बसली. पयल्या गाण्याला दचकली, मंग रमली. त्या बाईचा नवरा मेला तवा पदर तोंडात घालून रडली. मी पिच्चर बघायलेच न्हाई. मी वाट बघायले. चावडी आली. मालक बोलला. जमीन माझी, चालती हो. ती बाई उठली. तिचं तोंड मी आता बघितलं. सावळी, कपाळ मोठं. तिनं व्हट उघडले.

आन इहीर आली. तीच बाई इहिरीवर पाणी शेंदायली, गाणं म्हणायली.

मागं कुणीतरी शिट्टी मारली. लोकांना वाटलं, मशीन बिघडली. मावशीनं माहा दंड हालवला. हळूच इचारलं, "गेलं का गं ते? कवा म्हणती ती?"

मला काय झालं सांगता येत न्हाई. राग म्हणा. लाज म्हणा, तिला आशा लावली त्याची. मी उठले. पडद्याकडं पाठ केली, लोकांकडं तोंड. आन त्या बाईच्याच आवाजात, सादं, पर टाकीच्या पार त्या टोकाला जाईल असं म्हणलं, "जमीन तुमची आहे ना, मालक? मग यंदा तुम्हीच पेरा."

वर इहिरीचं गाणं चालू. खाली समद्यांच्या माना माह्याकडं वळल्या. मी सांगितलं, ही बाई हे म्हणलीवती. काल म्हणली, मी ऐकलंय. ट्रायलला बसलेल्यांनी कापलं. तुमाला ऐकू द्यायचं न्हाई म्हणून कापलं.

मॅनेजर बॅटरी घेऊन आला. उजेड सरळ माह्या डोळ्यात. खाली बस म्हणला, पोलीस बोलावतो म्हणला. खुर्च्यांतून कुणीतरी शिवी दिली, जातीवरून. ती मला नवी नव्हती.

"परत म्हण," खालून मावशी म्हणली.

मी परत म्हणलं. तिसऱ्यांदा मी म्हणायच्या आदीच जमिनीवरून दहा-पाच आवाज आले. त्यात मावशीचा व्हता. चिरका, तुटका. रडायली का हसायली कळंना. आमा दोघींना दंडाला धरून भाईर काढलं. भाईर येऊन मावशी पायरीवर बसली. मंग म्हणली, चल, पाणी भरायचंय.

दुसऱ्या दिवशी जिनाच्या फाटकात मुकादम उभा. जिनात साहेबाचा हिस्सा, हे समद्यांना म्हाईत. तुला काम न्हाई म्हणला. मावशीला आत सोडलं, बुढी म्हणून. ती आत गेली. तिनं जायलाच पायजे व्हतं, मला त्याचं वाईट वाटलं न्हाई. बाकीच्या बाया माह्याकडं बघत बघत गेल्या. एकही थांबली न्हाई. त्याचं वाटलं. अजून वाटतंय.

मी दगडं फोडायला गेले, सडकेच्या कामावर. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले.

पर टाकीत एक झालं. जमिनीवरच्यांना सवय लागली. पिच्चर जरा तुटला की वरडायचे, काय काढलं, काय काढलं? पिच्चरची पट्टी जुनी, ती आपोआप पण तुटायची. मॅनेजर म्होरं येऊन देवाची शप्पत घ्यायचा, काय काढलं न्हाई हो, खरंच तुटली. कोण इस्वास ठेवणार? हे मला सडकेवर येऊन लोक सांगायचे, तवा मी पोट धरून हसायची.

शेवटी मॅनेजर सोता सडकेवर आला. गोड बोलला. बाई म्हणला, पयल्यांदा. नवा पिच्चर यायलाय, ट्रायलला ये. पंखा न्हाई वढायचा. खुर्ची देतो, मागची. समदं बघ डोळ्यांनी. फकस्त भाईर येऊन लोकांना सांग, पिच्चर पुरा हाय. साहेबाला सांगून जिनात परत घेतो.

खुर्ची. खरं सांगते, मन गेलं. पडद्यापासून लांब, मान न आखडता पिच्चर बघायचा, हे माहं सपान व्हतं. त्या शुक्रवारपासून मी एकही पिच्चर बघितला नव्हता. आन जिनातली हजरी म्हंजी घरात दोन येळची चूल.

मंग माह्या ध्यानात आलं. आतापस्तोर माहे हात वापरले, आता जबान मागायलेत. म्हंजी पंखा मी वढायचाच. वारा त्यांनाच लागायचा.

मी हातोडा खाली ठेवला न्हाई. बोलता बोलता दगड फोडला. म्हणलं, "मला एकटीला खुर्ची नको. दार उघडं ठिवा, समद्यांना बोलवा, आन काय कापायचं ते आमच्याम्होरं कापा."

त्यो म्हणला, असं कुठं असतंय का? मी म्हणलं, मंग मी येत न्हाई. त्यो गेला. मला ना जिन मिळालं, ना टाकी.

टाकीत मी पुन्हा गेले न्हाई. शिनेमाचं येड गेलं असं न्हाई, अजून गाणं ऐकू आलं की पाय थांबत्यात. पर शक गेला न्हाई, आन मी त्यो जाऊ देणार न्हाई. त्योच माहा सोबती. लोक म्हणत्यात, ही बाई कुणावर इस्वासच ठेवत न्हाई. न्हाई ठेवत. चावडीत मोठी माणसं आदी बसत्यात, दार लावत्यात, मंग दार उघडून आमाला सांगत्यात की ठरलं, तुमच्या भल्याचं ठरलं. समदे माना हालवत्यात. मी उठते. काय ठरलं ते मी इचारत न्हाई. मी इचारते, काय काढलं? ते म्हणत्यात, खाली बस. मी बसत न्हाई. दरवाज्यात उभी राहते. आतल्यांना भाईर यायचं असंल, तर आदी काय काढलं ते मला सांगावं लागंल.